जुन्या टाटा 1210 मध्ये नव्या काळातले इंजिन बसवावे की मूळचेच बांधून घ्यावे? खर्चाबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार.

आमच्याकडे 1974 साली नोंदणी झालेला टाटा 1210 ट्रक आहे, लांब बोनेटचा, सहा टायरचा. टाटांचा डायमलर-बेंझशी 1954 साली झालेला करार 1969 मध्ये संपला आणि बोनेटवरच्या तीन टोकांच्या ताऱ्याच्या जागी 'टी' आला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गाडी. ती माझ्या सासऱ्यांनी घेतली. रावेर तालुक्यातल्या आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मळ्यांतली केळी सावद्याच्या मालधक्क्यावर किंवा बऱ्हाणपूरला नेणे आणि हंगामात कापूस जिनिंगवर पोहोचवणे, एवढेच तिचे काम असले तरी ते आजही नियमित चालू आहे. कागदपत्रे पूर्ण आहेत, दरवर्षी फिटनेस होतो. इंजिन मात्र आता थकले आहे आणि त्याचे पुढे काय करायचे यावर घरात दोन मते आहेत. गाडीचे सगळे हिशेब मी पाहते, त्यामुळे निर्णयाचा भार बराचसा माझ्यावर आहे, आणि तो घाईने घ्यायचा नाही म्हणून हा धागा काढत आहे.

आधी इंजिनाची अवस्था सांगते. सकाळी स्टार्टर दिला की बराच वेळ पांढरा धूर येतो, गाडी तापल्यावर तो निळसर होतो. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीखाली हात धरला तर तळवा क्षणात तेलकट होतो. ऑइलची भर वारंवार घालावी लागते आणि दुपारच्या उन्हात भरलेली गाडी उभी करून आयडलिंगवर ठेवली की ऑइल प्रेशरचा काटा जवळजवळ तळाला टेकतो. मेकॅनिकने कॉम्प्रेशन तपासले तेव्हा सहापैकी दोन सिलिंडर कमी भरले. रेडिएटरचे झाकण उघडल्यावर पाण्यावर तेलाचा पातळ तवंग दिसतो, म्हणजे हेडचा जॉइंट तरी गेला आहे किंवा हेडला तडा तरी आहे.

इंजिन मूळचेच आहे, 692, म्हणजे सहा सिलिंडर आणि 92 मिलिमीटर बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे), साधारण पावणेपाच लिटरचे. त्यानंतर आलेल्या 697 चा बोअर 97 मिलिमीटर असून ते 5.675 लिटरचे आहे, हे बहुतेकांना ठाऊक असेलच.

माझ्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे हेच इंजिन पूर्ण बांधून घेणे. लायनर-पिस्टन, रिंगा, क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) ग्राइंडिंग, बेअरिंगे, हेडचे काम, पंप आणि नोझल, हे सगळे धरून मला साधारण पावणेदोन लाखांचा अंदाज मिळाला आहे. अडचण पैशांपेक्षा सुट्या भागांची आहे, कारण 697 चे सामान जळगाव-धुळ्याच्या बाजारात अजून मिळते, पण 692 च्या पिस्टनसाठी दुकानदार 'बघून सांगतो' म्हणतात आणि मग त्यांचा फोन येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे मोडीत निघालेल्या एखाद्या गाडीचे 697 घेऊन ते बांधून बसवणे. याला सगळे मिळून दोन लाखांच्या आसपास खर्च सांगितला आहे.

तिसरा मार्ग माझ्या दिरांच्या मनात आहे आणि खरी चर्चा त्याचीच आहे. त्यांच्या मते एवढा खर्च करायचाच असेल तर टर्बो असलेले कमिन्सचे 6बीटी, 5.9 लिटरचे, जुन्या टाटा गाडीतून काढलेले बसवावे, म्हणजे चढावर गाडी दमणार नाही, डिझेल वाचेल आणि सामान कुठेही मिळेल. या म्हणण्यात तथ्य आहे. टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी 1993 पासूनची, त्यामुळे ही इंजिने आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्यांचा पंप यांत्रिक असल्याने गावातला मेकॅनिकही त्यांना हात लावू शकतो. परंतु मी जेव्हा खर्च एकेक करून लिहून काढला तेव्हा चित्र बदलले. चांगल्या स्थितीतल्या इंजिनाची किंमत 1,60,000 रुपये सांगितली गेली, आणि त्यानंतरची यादी अशी की जुन्या गिअरबॉक्सला जोडण्यासाठी मधली प्लेट आणि हाउसिंग, फ्लायव्हील, मोठा क्लच, चेसीवर नवे फाउंडेशन, मोठा रेडिएटर, टर्बोला साजेसा एअर क्लीनर आणि सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्टची लांबी कमी-जास्त करणे, वायरिंग आणि मजुरी. या सगळ्याची बेरीज 2,65,000 रुपये झाली. म्हणजे एकूण 4,25,000, आणि त्यात इंजिनाचा वाटा निम्म्याहूनही कमी. 'इंजिन केवढ्याला पडेल' या प्रश्नापासून आम्ही सुरुवात केली होती, ती किती अपुरी होती हे त्या दिवशी कळले.

डिझेलच्या बचतीचा हिशेबही केला. गाडी वर्षाला साधारण 6,000 किलोमीटर चालते आणि लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे 1,500 लिटर डिझेल लागते. कमिन्सने लिटरला पाच दिले असे धरले तर 1,200 लिटर लागेल. वाचलेल्या 300 लिटरचे, 90 रुपये दराने, वर्षाला 27,000 रुपये होतात. मूळ इंजिन बांधण्यापेक्षा कमिन्सला अडीच लाख जास्त लागणार आहेत, तेव्हा तो फरक भरून निघायला नऊ वर्षांहून अधिक काळ जाईल. रोज तीनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा हिशेब निराळा असतो, पण आमची गाडी तशी नाही.

भाच्याने कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या ताब्यात डिझेल सोडणाऱ्या इंजिनाचाही विषय काढला होता, तो मी स्वतःच बाजूला ठेवला. ते इंजिन एकटे येत नाही. त्याच्याबरोबर ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर, संपूर्ण वायरिंग, इलेक्ट्रॉनिक पेडल आणि बीएस-6 चे असेल तर धुराची शुद्धीकरण यंत्रणाही आणावी लागते, आणि मूळ गाडीतून मिळणारा एखादा सिग्नल सापडला नाही की ईसीयू इंजिनाची ताकद कमी करून ठेवतो. केळीने भरलेली गाडी रस्त्यात अशी अडली तर माल वाट पाहत नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या गाडीचे बोनेट, कॅबिन, डॅशबोर्डवरचे काटे, सगळे मूळचे आहे. सासरे आज गाडी चालवत नाहीत, पण ती आवारात शिरली की आवाजावरून कोणता गिअर पडला ते खाटेवरून सांगतात. हे हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही, तरी मी ते धरून चालले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. 692 च्या जागी कमिन्स बसवलेली 1210 कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का, आणि मी लिहिलेल्या यादीत काय सुटले आहे? गिअरबॉक्स, हाउसिंग आणि ब्रेक यांना वाढलेली ताकद झेपते का? आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा टर्बो इंजिनाला जुन्या बोनेटखाली पुरेशी हवा मिळते का? आणि आरटीओकडे अशा बदलाची नोंद कशी होते?

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी धुळ्याचा. मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकच्या कामात माझे आयुष्य गेले, त्यामुळे उत्तर देण्याचे धाडस करतो. आपला हिशेब फार व्यवस्थित आहे, त्यात फक्त तीन-चार गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट मागच्या धुरीची (ॲक्सलची). आपले जुने इंजिन मिनिटाला 2,800 फेऱ्यांपर्यंत जाते, कमिन्स 2,500 च्या आसपास थांबते. गिअर आणि क्राऊन-पिनियन (मागच्या धुरीतली दातेरी चाकांची जोडी) तेच ठेवले तर जी गाडी आज सत्तरने पळते ती बासष्ट-त्रेसष्टलाच अडेल. ताकद वाढलेली असेल, चढावर ती जाणवेलही, पण सपाटीवर ड्रायव्हर इंजिन ताणत राहील आणि लिटरला पाचचे जे गणित आपण धरले आहे ते हाती येणार नाही. ते साधायचे तर क्राऊन-पिनियन बदलावे लागेल आणि तो खर्च आपल्या यादीत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. टर्बो इंजिनाचा जोर खालच्या फेऱ्यांवरच येतो, त्यामुळे भरलेली गाडी आधीपेक्षा वेगाने चढ काढते आणि तितक्याच वेगाने उताराला लागते. पळासनेरच्या पुढे बिजासन घाटात ड्रमचा वास येणाऱ्या जुन्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. गाडी बऱ्हाणपूरपलीकडे जात नसेल तर हा धोका कमी, तरीही इंजिन बदलणाऱ्याने ब्रेकचा खर्च त्याच दिवशी धरावा असे माझे ठाम मत आहे. रेडिएटरचे म्हणाल तर नुसता मोठा गाभा पुरत नाही, पंख्याभोवती आच्छादन नीट बसवावे लागते, नाहीतर पंखा बोनेटखालचीच तापलेली हवा फिरवत राहतो.

तिसरी गोष्ट कायद्याची आणि ती सर्वांत मोठी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ कायम केला. त्याच कलमात दहा किंवा अधिक वाहतूक गाड्यांच्या मालकाला पूर्वपरवानगीशिवाय इंजिन बदलण्याची सवलत राज्य सरकार देऊ शकते, परंतु तीही त्याच बनावटीच्या आणि त्याच प्रकारच्या इंजिनापुरतीच. यावरून कायद्याचा कल ओळखावा. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे मालकाने परवानगी नसलेला बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळला नाही तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल, ते वेगळे सांगायला नको. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत लेखी अर्ज द्या. 'नंतर नोंद करून घेऊ' असे सांगणाऱ्यांवर विसंबू नका, आणि मोडीतले इंजिन घेताना मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि खरेदीची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटचे म्हणजे आधी इंजिन उघडा. क्रँक पूर्वी किती वेळा घासला आहे आणि आता कितव्या साइझची बेअरिंगे बसली आहेत, हे पाहिल्याशिवाय पावणेदोन लाखांच्या अंदाजाला अर्थ नाही. क्रँक शेवटच्या साइझला आला, म्हणजे आणखी घासण्याजोगा उरला नसेल तर 692 वर खर्च करू नये. तो अजून एक-दोनदा घासण्याजोगा असेल आणि हेड प्रेशर टेस्टला टिकले तर मी मूळचेच इंजिन बांधले असते.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. मागच्या धुरीचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आपला प्रतिसाद मी दिरांना वाचून दाखवला. कायद्याचा भाग ऐकल्यावर तेही कमिन्सचा आग्रह सोडायला तयार आहेत, आणि क्राऊन-पिनियन व ब्रेक धरून खर्च पाच लाखांच्या पुढे जातो हे त्यांनी स्वतःच आकडे मांडून पाहिले.

भाच्याने विंटेज नोंदणीचे सुचवले होते, तेही तपासले. केंद्राचे 2021 चे नियम पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी आहेत, त्यात चेसी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी कामाला वापरता येत नाही. आमच्या ट्रकला तो मार्ग उपयोगाचा नाही, कारण ती चालती ठेवायची आहे ती मालासाठीच.

आता आपण सांगितलेल्या क्रमानेच जाणार आहे. या आठवड्यात गाडी मेकॅनिककडे उभी करून हेड आणि चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे पात्र) उतरवायला सांगितले आहे, क्रँकचे माप मी स्वतः समोर उभी राहून लिहून घेईन आणि इथे देईन. पाऊस सुरू होण्याआधी काम संपवायचे आहे, कारण चिखलाच्या शिवाररस्त्यांवर भाड्याची गाडी यायला कुरकुर करते आणि तोडलेले घड बांधावर पडून राहतात.

दोन गोष्टींची मदत अजून हवी आहे. 692 चे पिस्टन आणि रिंगा जळगाव, धुळे, मालेगाव किंवा इंदूरच्या बाजारात कोणाला अलीकडे मिळाल्या असतील तर कृपया सांगावे, स्टँडर्ड आणि ओव्हरसाइझ दोन्ही चालतील. आणि क्रँक कामातून गेलेला निघालाच, तर 692 च्या जागी त्याच कंपनीचे 697 बसवून आरसीवर रीतसर नोंद करून घेतलेले कोणी असल्यास, अर्जाबरोबर कोणती कागदपत्रे लावली आणि तपासणीला गाडी कोणत्या अवस्थेत न्यावी लागली, एवढे लिहावे.