वादळ गेल्यावरचे चार दिवस : वाड्याने काय केले, बाहेरून काय आले? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. पावसाआधी माळा आवरताना काल हाताला एक गाठी मारलेला दोर लागला आणि तौक्ते चक्रीवादळ आठवले. १६ मे २०२१, रविवार. शुक्रवारी अक्षय तृतीया झाली, शनिवारी रात्री वारा सुटला आणि सकाळी आमच्या डिचोलीतल्या वाड्यावर (म्हणजे वस्तीवर) वीज नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही. वादळ खरे तर गोव्यावर आलेच नव्हते. ते समुद्रातून वर सरकत गेले आणि १७ च्या रात्री गुजरातेत धडकले. आपल्याला नुसता पदर लागला.

परसात आमची बांय (विहीर) आहे, बारमाही पाण्याची. पण पंप विजेवर. रहाट आम्हीच कधीचा भंगारात घातलेला, आणि मुले वाकतात म्हणून वर लोखंडी जाळी वेल्डिंग करून बसवलेली. पाणी पंधरा हातांवर चमकतेय आणि घरात हंडे पालथे! शेवटी शेजारच्या काकांनी पहार आणून जाळीचा एक कोपरा उचकटला. गाईचे दावे आणि कपड्यांची दोरी एकमेकांना बांधून, रंगाचा रिकामा डबा सोडून पाणी काढले. दोन दिवस चहाला ऑइलपेंटचा वास होता.

तर सांगा आपापले. वाड्याने स्वतः काय निभावले, कुठे हात टेकले, बाहेरून आलेल्यातले काय कामाला आले आणि काय नुसते पडून राहिले. तौक्तेच हवे असे नाही, त्याच वर्षीचा जुलैचा पूरही चालेल. माणसांची आणि कचेऱ्यांची नावे मात्र नकोत, तालुका सांगितला तरी पुरे.

फोंडा, कुळागरातून (पोफळीच्या बागायतीतून)

पोफळ मुळातून पडत नाही हो, मधून मोडते. वाऱ्यात वेताच्या छडीसारखी वाकते, वाकते आणि कट्ट. अंधारात तो आवाज मोजत बसलो होतो. चाळीस झाल्यावर मोजायचे सोडले. पोफळींवर मिरवेल चढवलेली, म्हणजे एका झाडाबरोबर दोन पिके गेली.

सकाळी वाटेवर फणस आडवा. वाड्यातले सगळे कोयते, दोन कुऱ्हाडी, एक आजोबांच्या काळातली दोघांनी ओढायची करवत आणि एका भाच्याचे पेट्रोलवरचे कटर. दहापर्यंत वाट मोकळी. अग्निशामक दलाला फोन लागत नव्हता, आणि लागला असता तरी ते बिचारे पुरणार किती ठिकाणी? अर्धा गोवा त्यांनाच बोलावत होता.

पुढची गंमत ऐका. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला. "पडलेली झाडे कुठे?" म्हटले, कापली, ही काय रचून ठेवलीत. "फोटो?" मोबाइल मेलेला, फोटो कसला काढतोय! ज्याने बागायत तशीच लोळत ठेवली त्याचा कागद सरळ पुढे गेला, आमचा अडकला. मग उभे राहिलेले अर्धे बुंधे त्याच्याबरोबर फिरून एकेक मोजायला लावले. शेतकरी आधार निधीचे पैसे उशिरा का होईना मिळाले, नाही म्हणणार नाही. पण तेव्हापासून घरात कायदा आहे : आधी फोटो, मग कोयता.

मांद्रे

चार दिवस वीज नव्हती, पाव एक दिवसही चुकला नाही. आमच्या पदेराची (पाववाल्याची) भट्टी लाकडांची, फक्त पीठ मळायचे मशीन विजेवर. तो, त्याचा मुलगा आणि दोन कामगार कोपरापर्यंत हात घालून मळत होते. पाव जरा दडस व्हायचा, आणि पहाटेऐवजी आठला यायचा. सायकलचा पोंपों ऐकला की सगळी आळी गेटवर. पावासाठी थोडी, बातमीसाठी जास्त. कुठे तार पडलीय, कुठली वाट बंद, कोणाचे पत्रे उडाले, सगळे त्याच्याकडून. पैसे वहीत.

मे महिना म्हणून घराघरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलेले होते. उकडे तांदूळ, सुके बांगडे, सोलां (आमसुले), मिरची. ती सोलां अंगणातून आत घ्यायला आई रात्री अडीचला धावली होती. वरच्या नव्या बिल्डिंगमध्ये मात्र लिफ्ट बंद, टाकी कोरडी, फ्रीजमधले सगळे वास मारायला लागलेले. त्यांना दोन दिवस आमच्याकडची पेज गेली. आता ते दिसले की हात करतात, आधी करत नसत.

बार्देस

आमच्यासाठी ते वादळाचे नव्हे, कोविडचे दिवस होते. त्या महिन्याच्या सुरुवातीला गोव्यात काही दिवस रोज तीन हजारांवर नवे रुग्ण निघत होते. खाट मिळेना म्हणून सासरे घरीच, भाड्याच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर. रात्री वीज गेली तेव्हा आम्ही घरातला एकेक दिवा, पंखा बंद केला आणि इन्व्हर्टरवर फक्त मशीन ठेवले. ते साडेतीनशे वॅट खाते. बॅटरी जुनी. तीन तासांत इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागला.

आमच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) जे राहतात त्यांच्याशी अकरा वर्षे बोलणे नाही. त्याच गडग्यावरून. नवरा पावसात बाहेर उभा राहून नुसता "कोण आहे का" म्हणून ओरडला. दहा मिनिटांनी त्यांचा मुलगा रेतीच्या हातगाडीत स्वतःच्या घरातली बॅटरी घालून आला. घरात रुग्ण म्हणून पायरीवर ठेवली, मागे सरकला आणि टॉर्चच्या उजेडात लांबून सांगत राहिला, "आधी जुनी सोडव वयनी. लाल वायर लालला. आता काळी. घट्ट कर." माझे हात इतके थरथरत होते की पान्हा दोनदा पडला.

सकाळी मंडपवाल्याचा जनरेटर आला. जत्रा नाहीत, लग्ने नाहीत, त्यामुळे तो बसूनच होता. आणि संध्याकाळी मोठा सिलिंडर. तो कोणी पाठवला ते आजही नीट माहीत नाही. म्हापशातल्या कोणीतरी पणजीतल्या कोणाला सांगितले, त्याने पुढे. गाडी आडव्या आंब्यापाशी अडली, तिथून पुढे वाड्यातल्या चार मुलांनी बांबूला बांधून आणला. म्हणून बाहेरचे आणि आपले असे मला वेगळे करून सांगताच येत नाही. तो सिलिंडर गाडीतच राहिला असता तर?

सासरे त्यातून उठले. गडग्याचा दावा कोर्टात अजून चालू आहे.

चंदगड (गोव्याचा नाही, चालेल ना?)

मी तेव्हा एका ठेकेदाराकडे विजेच्या लाइनीच्या कामावर होतो. जीपने तिलारी घाट उतरून पेडण्यात आलो, हद्दीवर आधी कोविडचे दाखले दाखवले. नऊ दिवस एका शाळेच्या व्हरांड्यात झोपलो.

पहिली गोष्ट सांगतो. लोक अंगावर यायचे, त्या गावात लाइट आली, आमच्यात का नाही? अहो, आधी ३३ केव्हीची लाइन उभी करायची, मग सबस्टेशन, मग ११ केव्हीचा फीडर, मग ट्रान्सफॉर्मर आणि सगळ्यात शेवटी तुमच्या दारातली तार. मधे एक खांब आडवा असला तरी पुढचा वाडा काळोखात. शेजारच्या गावाचा फीडर वेगळा, म्हणून तिकडे आधी.

दुसरी, माणसांच्या बळाची. शेतापलीकडे सिमेंटचा खांब न्यायचा होता, तीन-चारशे किलोचा. गाडी चिखलात रुतली. किनाऱ्यावरचे रापणकार आले, तीसेक जण. त्यांना जाळे ओढायची सवय. एकाने ताल धरला, बाकीच्यांनी वासे खाली घालून खांब बांधाबांधाने नेला. कुठला बांध वजन घेईल आणि कुठला ढासळेल ते आम्हाला काय कळणार? ते एका आजीने सांगितले. तिचे सगळे ऐकायचे.

तिसरी. एका घरात जनरेटर सरळ घरातल्या सॉकेटला जोडलेला, मधे बाहेरची लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच नाही. म्हणजे घरातला करंट मीटरमधून उलटा तारेवर. ट्रान्सफॉर्मरमधून उलट चढला की पलीकडे अकरा हजार व्होल्ट. माझा जोडीदार खांबावर होता. कामाआधी दोन्ही बाजूंना अर्थिंग टाकतो, म्हणजे तारा जमिनीला जोडतो, म्हणून वाचला. मी खाली बसून पाण्याची अख्खी बाटली प्यालो. मग गावच्या पंचाने घरोघरी फिरून सगळे जनरेटर बघितले. हे काम बाहेरच्याने सांगून झाले नसते, आम्हाला कोण दारात उभे करणार?

धागाकर्ता, डिचोली

दादा, आमच्याकडेही जनरेटर तसाच जोडला होता. तेव्हा हुशारी वाटली होती. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो.

मुरगाव, भाड्याच्या खोलीतून

मी मूळचा लातूरकडचा, गोद्यांच्या बाजूला काम. खोलीवरचे पत्रे रात्री गेले. मालकीण म्हणजे एकटी राहणारी ख्रिश्चन म्हातारी, आम्ही सगळे तिला माय म्हणतो. तिने आमच्या अकरा जणांना बाल्कांवात (ओसरीवर) आणि पुढच्या खोलीत घेतले. एरवी आठ वाजता दाराला कडी लावणारी बाई. तिची मुले परदेशात, तिकडून फोन लावून लावून थकलेली. रेंज आल्यावर पहिला फोन माझ्या मोबाइलवर लागला आणि पलीकडून मुलगी रडायलाच लागली.

दोन दिवसांनी मदतीच्या पिशव्या घेऊन एक गाडी आली. हातात मतदारयादी. आमची नावे त्यात कुठून असणार! मायला एक पिशवी मिळाली. तिने ती पायरीवर पालथी केली, तांदूळ, डाळ, तेल, साखर, आणि अकरा वाटे करायला बसली. साखरेचे वाटे चमच्याने.

चोडण, निवृत्त शिक्षक

सगळे झाडांविषयी लिहितात, मी बांधाविषयी लिहितो. आमची खाजन शेती म्हणजे खाडीच्या पातळीखालची जमीन. बाहेर मातीचा बांध आणि त्याला मानस, म्हणजे पाण्याची झडप. मानशीचे दरवाजे भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. पूर्वी ही निगा कोमुनिदाद (जुनी गावकरी संस्था) आणि शेतकऱ्यांचा भौस (संघ) बघायचा. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कूळसंघांकडे आली. कूळसंघात आता निम्मे लोक शेतच करत नाहीत. ही माझी जुनी तक्रार आहे, असो.

त्या रविवारी लाटांनी बांधाला खांड पाडली, दोन पुरुष आडवे झोपतील एवढी. खारे पाणी आत. मे महिना होता म्हणून उभे पीक नव्हते, आणि आत आलेले मीठ पुढे पाऊस धुऊन काढतो. पण खांड रोज रुंदावते. पुनव २६ तारखेला, म्हणजे उधाणाच्या आत हाती दहा दिवस. फेरीबोट बंद, संचारबंदी चालू.

पहिल्या दिवशी तरुण पोरांनी रेतीची पोती टाकली. रात्रीच्या भरतीने नेली. माझ्या वर्गात कायम मागच्या बाकावर बसणारा एकजण आज साठीचा आहे. तो म्हणाला, "मास्तर, रेती नको, खाडीचाच चिखल पाहिजे." ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो फावड्याने चिखलाचे वीटेसारखे गोळे कापायचा आणि आम्ही रांगेत हातोहात पुढे द्यायचो. आधी बांबूचे खुंट, मधे गवत, त्यावर गोळे, ते पायाने तुडवायचे. ओहोटी कधी पहाटे तीनला, कधी दुपारी. घड्याळ बाजूला ठेवून पाण्याच्या वेळेने जेवलो. सात दिवसांनी पाणी थांबले.

पण ते थांबले, टिकले नाही. बाहेरून दगड आणि खाडीतून तराफ्यावर पोकलेन आल्याशिवाय पक्का बांध होत नाही, आणि ते पावसाळा संपल्यावर आले. आमच्या चिखलाने तोवर जमीन धरून ठेवली. त्या वर्षी कोरगूट (खारे पाणी सोसणारे भात) पेरला, उतारा कमी आला, पण आला.

सत्तरी

२३ जुलै २०२१ चा म्हादईचा पूर. मदत इतकी आली की देवळाच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नाही. त्यातले चारातले तीन भाग जुने कपडे. एक शेरवानी होती! बिस्किटांचे पुडे पोरे खाऊन कंटाळली. खरे पाहिजे होते ते झाडू, फिनेल, घमेली आणि घरातला गुडघाभर गाळ काढायला हात. ते एका कॉलेजची मुले घेऊन आली. त्यांनी येण्याआधी फोन करून विचारले होते, काय आणू? आजवर तेवढाच एक फोन. उरलेल्या कपड्यांची आम्ही पुढे वर्षभर पुसणी केली.

केरी

डिचोलीवाले काका, रहाट परत बसवलात की अजून रंगाचा डबाच? आमच्या गोठ्यात लोखंडाच्या दोन कप्प्या पडून आहेत, एक घेऊन जा. जाळी ठेवा, पण वेल्डिंग नको, बिजागरी आणि कुलूप लावा आणि किल्ली दाराआड सगळ्यांना दिसेल अशी टांगा. दोर काथ्याचा घ्या. नायलॉनचा ओला झाला की हातातून सुटतो, आमची एक कळशी अजून तळाशी आहे.

धागाकर्ता, डिचोली

रविवारी येतो. कळशी काढायचा गळ आहे माझ्याकडे, घेऊन येऊ?