पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू, बी १२ कोण तपासतं?

लातूरकर
आईला आठ वर्षं झाली, रोज चहाच्या आधी पँटोप्राझोल, म्हणजे पित्ताची गोळी. चिठ्ठी पंधरा दिवसांचीच होती. पुढं आम्हीच मेडिकलातून पानं आणत गेलो. यंदा येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात गेलो तर तिला बांधावरून चालता येईना. तळपायाला मुंग्या, तोल जाई. आम्ही गुडघ्यांवरच ढकललं. तपासलं तर बी १२ जीवनसत्त्व निघालं १३०, हवं किमान २००. घर माळकरी, म्हणजे बी १२ मिळणार ते दूध-दह्यातूनच. आणि अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं बी १२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, नेमकं तेच आपण दाबतो. दोन वर्षांपुढं ही गोळी तपासणीशिवाय चालू ठेवूच नये.

नांदेडचा औषधवाला
साफ असहमत. असं वाचून लोक गोळी एकदम बंद करतात, मग आम्ल उसळतं नि आधीपेक्षा जास्त जळजळ होते. माझ्या वडिलांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे. ही गोळी नसेल तर जठरातून रक्तस्रावाची भीती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सतरा हजारांवर रुग्णांना सुमारे तीन वर्षं पँटोप्राझोल किंवा औषध नसलेली गोळी दिली होती. आतड्याचे संसर्ग तेवढे वाढले. हाडं मोडणं, किडनीचा आजार यांत लक्षणीय फरक नव्हता. आपल्याकडं शाकाहारी माणसाचं बी १२ गोळीविनाही कमी असतं.

लातूरकर
तुमच्या यादीत बी १२ कुठंय? २०१३ च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात दोन वर्षं किंवा जास्त गोळी घेणाऱ्यांत त्याची कमतरता जास्त आढळली. आधीच कमी असलेल्याला तर ही गोळी अजून खाली नेणार. आईला शुगरही आहे, त्यावरच्या मेटफॉर्मिन गोळीनंही बी १२ घटतं. दोन्ही एकदम चालू, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

परभणीची ताई
लोहाचंही बघा. मेथी, डाळ, ज्वारीतलं लोह शोषायला आम्ल लागतं. माझ्या जावेचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी वाढेचना, आणि पित्ताची गोळी घेते हे डॉक्टरला सांगायचं तिला सुचलंच नाही.

नांदेडचा औषधवाला
ताईंचं पटलं. पण बी १२ च्या तपासणीत मजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. सगळ्यांना सक्ती नको. म्हातारे, शाकाहारी, मेटफॉर्मिनवाले, हातपाय बधिर होणारे यांनी आधी करावी. आणि लातूरकर, ते ‘चालू ठेवूच नये’ तेवढं काढा.

लातूरकर
काढतो. आईची गोळी डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्यानं कमी करायला घेतलीय. सक्तीवर मात्र ठाम आहे. इंजेक्शनांनी मुंग्या थोड्या कमी झाल्यात, तोल अजून आलेला नाही.