यवनिका की जवनिका?

कृष्णाकाठ: परवा सांगलीत एका एकांकिका स्पर्धेत निवेदक म्हणाला, ‘यवनिका म्हणजे यवनांचा, ग्रीकांचा पडदा. म्हणजे आपलं नाटक मुळात ग्रीकांचं.’ वर टाळ्याही पडल्या! विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सीतास्वयंवर केलं त्या गावात. पण प्राचीन ग्रीकांचं नाटक उघड्यावर, टेकडीच्या उतारावर चालायचं, तिथं पडदाच नव्हता. ज्याच्या घरी वस्तूच नाही त्याच्याकडून ती उसनी कशी आणणार?

वखारभाग: थांबा की राव. नाटक आपलंच, कापड त्यांचं. सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडिताचं हेच म्हणणं होतं, ग्रीक व्यापाऱ्यांनी आणलेलं इराणी कापड. शाकुंतलात ध्वजाला चीनांशुक, म्हणजे चिनी रेशीम आहे, म्हणून दुष्यंत चिनी झाला का? ‘यवनिका’त यवन आहेत हे मान्य करायला एवढं जड का जातंय?

जुनीपोथी: कारण मुळात शब्दच तो नाही. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडा, पडद्याला शब्द दिलेत, ‘प्रतिसीरा जवनिका स्यात्’. जव म्हणजे वेग, झटकन सरकते ती जवनिका. राजशेखराच्या कर्पूरमंजरी नाटकात तर अंकांनाच ‘जवनिकांतर’ म्हटलंय.

वखारभाग: कर्पूरमंजरी प्राकृतात आहे हो! तिथं शब्दाच्या सुरुवातीचा य म्हणजे ज. यात्रेची जत्रा झाली, तशी यवनिकेची जवनिका. तुमचा साक्षीदार माझ्या बाजूनं बोलतोय.

जुनीपोथी: अमरकोश पण प्राकृतात का? उलटंही घडतं. पोथी उतरवून घेणाऱ्याला ज दिसला की वाटतं हे प्राकृत, मग तो ‘शुद्ध’ करून य लिहितो. शिवाय काही पोथ्यांत ‘यमनिका’ आहे. यम म्हणजे आवरणं, रोखणं. तिथं कुठले यवन?

विंगेतला: मी हौशी नाटकांचा पडदा ओढतो. आम्ही त्याला दर्शनी पडदा म्हणतो. यवनिका फक्त निमंत्रणपत्रिकेत बघितली. आणि ‘पडदा’ फारसी आहे, त्यावर कुणी भांडत नाही ते बरं.

कृष्णाकाठ: विंगेतले, तुम्ही दुखत्या जागी बोट ठेवलंत. भरताच्या नाट्यशास्त्रात पूर्वरंगाची, म्हणजे नाटकाआधीच्या विधींची, पहिली नऊ अंगं यवनिकेच्या आड, न दिसता करायची आहेत. पण ती यवनिका रंगमंचावरच, नटांच्या मागे. तिच्यापलीकडे नेपथ्य, म्हणजे नटांची सजायची खोली. ‘अपटीक्षेपेण प्रवेश’ म्हणजे पडदा झटकून घाबऱ्याघुबऱ्या आलेला माणूस, तो याच पडद्यातून. प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये पडणारा पडदा संस्कृत नाटकाला नव्हताच. तो आला इंग्रजी थिएटरांची नक्कल करताना.

विंगेतला: म्हणजे मी ओढतो तो पडदा परदेशीच की! निवेदक बरोबर होता म्हणायचा?

कृष्णाकाठ: अर्धाच. पडदा विलायती, पण ग्रीक नव्हे. आणि त्याला यवनिका हे नाव आपणच नंतर चिकटवलंय.

वखारभाग: आता यवनांची सुटका झाली, इंग्रज अडकले. जुनीपोथी, अमरकोशाचं उत्तर देणं लागतो, रात्री लिहितो.