पार्किंगमधल्या दोन बादल्या

सोसायटी ग्रुप, सिंहगड रोड. रविवार सकाळ.

सेक्रेटरी (ए-२०१): बी विंगच्या जिन्याखाली दोन निळ्या बादल्या तीन आठवडे पडून आहेत. खाली तेलाचा डाग पडलाय. ज्यांच्या असतील त्यांनी आज हलवाव्यात. मंगळवारी फायर ऑडिट आहे. नंतर कुरकुर चालणार नाही.

बी-३०४: माझ्या आहेत सर, सॉरी. बाबांचं भोसरीचं वर्कशॉप आवरलं, तिथून आणल्या. हवेच्या कॉम्प्रेसरचं ऑइल आहे, एसएई ३० (तेलाच्या जाडपणाचा नंबर), नॉन-डिटर्जंट. एक २० लिटरची सीलबंद, दुसरीत आठ-नऊ लिटर असेल. कोरं आहे, फेकवत नाही. कुणाला हवं असेल तर न्या, पैसे नकोत.

सी-१०१: पैसे नकोत म्हणजे नंतर पण नकोत ना 😀

ए-५०३: माझ्या कारची सर्व्हिसिंग आलीच आहे. ४ लिटर ठेवा बाजूला.

ए-७०२ आजोबा: ठेवू नका. थांबा, टाइप करतोय.

सी-१०१: आजोबा टायपिंग... चहा ठेवा सगळ्यांनी.

ए-७०२ आजोबा: डिटर्जंट म्हणजे कपड्याची पावडर नव्हे. हल्लीच्या इंजिन ऑइलमध्ये अशी द्रव्यं घातलेली असतात की काजळी, कचरा तेलातच तरंगत राहतो आणि तेलाबरोबर फिल्टरपर्यंत जातो. घुसळलेलं ताक समजा. नॉन-डिटर्जंट म्हणजे तसंच ठेवलेलं वरण. गाळ खाली, पाणी वर. ज्या मशीनला ऑइल फिल्टरच नाही तिथे हेच बरं, कचरा तळाशी बसतो, ऑइल बदलताना निघून जातो. कारमध्ये घातलंत तर तो गाळ तुमच्या इंजिनात बसेल. डब्यावर एपीआय एसए असं लिहिलं असेल तर १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना ते चालत नाही. हे मी म्हणत नाही, ग्रेड ठरवणारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच म्हणते.

ए-५०३: बरं. मग ॲक्टिव्हा?

ए-७०२ आजोबा: नाही. बुलेट, पल्सर, सोसायटीचा जनरेटर, काहीच नाही. जनरेटरला डिझेल इंजिनचं ऑइल लागतं, त्याचं एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट आहे, कुणी हात लावू नये.

सेक्रेटरी (ए-२०१): +१. लिफ्टलाही कुणी हात लावू नये. मागे एका उत्साही सभासदांनी लिफ्टच्या रेलला खोबरेल लावलं होतं, मी नाव घेत नाही.

सी-१०१: वास छान येत होता पण.

बी-५०२ काकू: दिवाळीला पणत्यांना चालेल का हे? गोडंतेल केवढ्याला झालंय.

बी-३०४: नको काकू. जाड आहे, वातीत नीट चढत नाही, आणि जळलं तरी नुसता काळा धूर. घरात तर अजिबात नको. आणि एक, दिसायला अगदी शेंगदाणा तेलासारखं दिसतं. कुणी पाण्याच्या बाटलीत नेलंत तर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहा, प्लीज.

बी-५०२ काकू: बरं झालं विचारलं. आमच्याकडे पुसट अक्षर कुणी वाचत नाही.

सी-३०२: तळघरातल्या पाण्यावर ओतलं तर डासांच्या अळ्या मरतात. माझे वडील मलेरिया खात्यात होते, तेव्हा असं करायचे.

ए-७०२ आजोबा: करायचे, खरं आहे. तेलाचा पापुद्रा बसला की अळीला श्वास घेता येत नाही. पण ते पाणी आपण पंपानं बाहेर काढतो, ते नाल्यात आणि नाल्यातून मुठेत. त्यापेक्षा पाणी साचू देऊ नका. पंपाचा फ्लोट स्विच दोन महिने बंद आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

सेक्रेटरी (ए-२०१): नोंद घेतली आहे.

सी-१०१: नोंदीची पण वही भरली असेल.

डी-४०४: एवढी चर्चा कशाला, रोज थोडं थोडं ड्रेनेजमध्ये सोडायचं, विषय संपला.

बी-५०२ काकू: अहो!

ए-७०२ आजोबा: डी-४०४, तुम्ही संध्याकाळी खाली भेटा.

बी-३०४: नाही हो दादा, तसं करायचं असतं तर ग्रुपवर टाकलंच नसतं. मशीनमधून काढलेलं वापरलेलं ऑइल तर २०१६ च्या नियमांनी घातक कचऱ्यातच धरतात. हे कोरं असलं तरी गटारात पोचल्यावर नदीला काय फरक पडतो.

ए-६०१: आमच्या शेजारच्या साइटवर स्लॅबच्या फळ्यांना ऑइल लावतात, तिथे विचारू?

ए-६०१: विचारलं. म्हणाला आमचं शटरिंग ऑइल आहे. आणि २९ लिटर त्याला एका सकाळी पण पुरणार नाही म्हणे.

ए-७०२ आजोबा: आता कामाचं बोलतो. आकुर्डीला ३१ वर्षं स्कूटरच्या असेंब्लीवर काढली. आपली चेतक १९७२ ला आली, पण मुळात घडण व्हेस्पाचीच, आधी इटलीच्या पियाज्योच्या लायसन्सवर स्कूटर बनत होत्या. त्या जुन्या गिअरबॉक्सला एसएई ३० च लागतं, साधारण पाव लिटर. क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून साधं तेल हवं. गुळगुळीत करणारी नवी द्रव्यं आली की क्लच घसरतो. माझी चेतक अजून खाली उभी आहे. मला अर्धा लिटर द्या. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र हे नको हं, ते टू-स्ट्रोकचं वेगळं असतं. कुणी माझ्या नावानं तसं करू नये.

सी-१०१: आजोबा, तुमची चेतक चालू होते?

ए-७०२ आजोबा: तिरकी केली की होते.

बी-३०४: आजोबा, अर्धं काय, लिटर घ्या. पण उघड्या बादलीतलं देण्याआधी पाणी गेलंय का बघतो. काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवतो.

बी-३०४ (सोमवार, सकाळी ७:०५): [फोटो] बाटली. मधासारखं स्वच्छ, तळाला काही नाही. दुधाळ झालं असतं तर पाणी समजायचं. झाकणावर बाबांनी रंगाच्या ब्रशनं लिहिलंय, "पाणी लागू देऊ नये". एवढी वर्षं कधी वाचलं नव्हतं.

बी-५०२ काकू: 🙏

बी-३०४: त्यांचं एक पालुपद होतं. कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली की पाणी सुटतं, पावसाळ्यात तर फार. डिटर्जंटवालं ऑइल त्या पाण्याशी घोटलं जातं आणि लोणी होतं. साध्या ऑइलखाली पाणी वेगळं बसतं, नट उघडला की खाली पडतं. दर शनिवारी टाकीचा कॉक पण उघडायचे. फुस्स आवाज आल्याशिवाय घरी यायचे नाहीत.

ए-६०१: मग कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारा ना. त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडतो.

बी-३०४: संध्याकाळी बघून येतो. पिस्टनचा असेल तर देऊ, स्क्रूचा असेल तर नाही, त्याचं ऑइल वेगळं.

बी-३०४ (सोमवार, रात्री ९:४०): पट्ट्यावर चालणारा, पिस्टनचाच. पुस्तिका त्याच्याकडे नाही, पण प्लेटवर एसएई ३० आहे, आणि तो आधीपासून हेच घालतो. काचेत बघितलं तर ऑइल खुणेच्या खाली. जुनं काढून नवं भरलं. पुढच्या दोन वेळांचं धरून चार लिटर दिलं. काढलेलं काळं ऑइल डब्यात आहे, जुनं ऑइल गोळा करणारा त्याच्याकडे येतोच, त्याला देईल. जाता जाता पंक्चर काढून घेतलं, त्याचे पैसे घेत नव्हता, बळजबरीनं दिले.

सेक्रेटरी (ए-२०१): छान. सीलबंद बादलीचं काय? उद्या ऑडिट.

बी-३०४: बाबांबरोबर काम केलेले एक काका कॉम्प्रेसरवर स्प्रे पेंटिंगचं स्वतःचं काम करतात. उद्या सकाळी सहाला टेम्पो घेऊन येतायत, अख्खी नेतील. तसं हे पेट्रोलसारखं भडकत नाही, २०० अंशांच्या वर तापल्याशिवाय पेट घेत नाही. पण जिन्याखाली नकोच, मान्य.

ए-७०२ आजोबा: मेन गेटच्या बिजागऱ्या उद्या करू. स्प्रे मारून उपयोग नाही, पातळ असतो, आठ दिवसांत उडून जातो. पहारीनं गेट जरा उचलायचं, खिळीवरची घाण रॉकेलच्या फडक्यानं पुसायची, मग कुपीनं चार थेंब. चारच. ओतलंत तर धूळ चिकटून पुन्हा तेच. सायकलच्या चेनला पण याच कारणानं नको.

सी-३०२: शिलाई मशीन?

ए-७०२ आजोबा: त्याला पातळ पांढरं ऑइल येतं ते घ्या. हे घातलंत तर ब्लाउजवर डाग.

ए-६०१: माळीदादांची कुदळ, खुरपी, कात्री गंजलेली आहे. वापर झाला की माती पुसून तेलाचं फडकं फिरवा म्हणावं. एक लिटर त्यांना.

सेक्रेटरी (ए-२०१) (रविवार): ऑडिट पार पडलं. जिन्याखाली काही सापडलं नाही. गेट आवाज करत नाही. वॉचमनची तक्रार आहे की रात्री कोण आलं ते आता कळत नाही.

सी-१०१: म्हणजे झोपेत कळत नाही.

बी-३०४: उरलेलं दोन-अडीच लिटर कॅनमध्ये भरून, नाव लिहून घरी ठेवलंय. आजोबांच्या चेतकला लागेल तसं. आता एक २० लिटरची बादली रिकामी आहे, पुसून ठेवलीय.

बी-५०२ काकू: मला. कढीपत्त्याला.

ए-५०३: कार धुवायला मी आधी म्हणणार होतो.

डी-४०४: मला पण हवी.

सी-१०१: ऑइलला एक माणूस नव्हता आणि बादलीला तीन.

बी-३०४: काकूंनी आधी सांगितलं, काकूंना. फक्त झाकण मी ठेवून घेतोय.

बी-५०२ काकू: ठेव रे बाबा. कढीपत्त्याला झाकण कशाला लागतंय.