सोळा तासांच्या फ्लाइटला पायलट झोपतात कधी?

टिळकवाडीकर: आईला बहिणीकडं पाठवायचंय, मुंबई ते न्यूयॉर्क डायरेक्ट, पंधरा-सोळा तास. आई विचारालीय एवढा वेळ एकच माणूस चालवतो काय, डुलकी लागली तर? ह्याला काय रूल हाय, माहीत असलं तर सांगा की.

खानापूर_रोड: बेळगाव-मुंबई स्लीपरला दोन ड्रायव्हर असतात बघ, एक चालवतो, एक झोपतो. तसंच.

सांबरा_रनवे: तसंच पण जरा जास्त कडक. एकटा पायलट कधीच नसतो, नेहमीच्या फ्लाइटला दोन आणि एवढ्या लांबच्या फ्लाइटला बहुतेक चार. बोइंग ७७७ ला पुढच्या बाजूला छताच्या वर बारकी खोली असते, दोन बंक, तिथं आळीपाळीनं झोपायचं. रूलमध्ये सीटवर मान टाकून झोपणं आणि बंकवर आडवं होणं ह्यात मोठा फरक धरतात, आडवं व्हायची सोय असली तर ड्युटी जास्त लांबवता येते. अमेरिकेत चार पायलट आणि चांगला बंक असला तरी जास्तीत जास्त १९ तास, तेही ड्युटी कितीला सुरू झाली त्यावर. गंमत म्हणजे पहिला ब्रेक बऱ्याच जणांना नको असतो, नुकतंच टेकऑफ झालेलं, झोप कुठली येतेय.

निपाणीवाला: मला तर लांबच्या फ्लाइटपेक्षा रात्रीच्या छोट्या फ्लाइटची भीती वाटते बगा. २२ मे २०१० चा मंगळूरचा विमान अपघात आठवा, दुबईहून फक्त चार तासांची फ्लाइट, दोनच पायलट, १५८ माणसं गेली. कॅप्टन दीड तासापेक्षा जास्त झोपला होता असं चौकशीत आलं, उठल्यावर डोकं जाग्यावर यायच्या आत लँडिंग, को-पायलट गो-अराउंड (न उतरता परत वर घ्या) म्हणत होता तरी ऐकलं नाही. पहाटे दोन ते सहा शरीर झोपच मागतं, त्याला पगार आणि अनुभव काय करणार.

सांबरा_रनवे: बरोबर. म्हणूनच डीजीसीएनं, म्हणजे आपल्या सरकारच्या विमान खात्यानं, पायलटची आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली आणि रात्रीच्या एका ड्युटीतली लँडिंग सहावरून दोनवर आणली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या फ्लाइटा धडाधड कॅन्सल झाल्या ते ह्याच रूलमुळं, म्हणजे खरं तर रूल माहीत असूनही माणसं पुरेशी ठेवली नाहीत म्हणून. मग त्यांना दोनेक महिने सूट दिली, ते मला तरी पटलं नाही.

टिळकवाडीकर: थँक्यू सगळ्यांना. चार पायलट म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला, आता विचारालीय त्यांच्या जेवणाचं काय 😄

सांबरा_रनवे: मिळतं की. बऱ्याच कंपन्यांत कॅप्टनला एक आणि को-पायलटला दुसरं देतात, एकाला बाधलं तर दुसरा ठणठणीत पाहिजे नव्हं.