मदत हवी आहे: कुकरच्या झाकणाची खाच एम-सीलने बुजवली तर चालेल का?

घाईगडबड
कुकरची शिट्टीच होत नाहीये. झाकणाच्या कडेला एक आयताकृती खाच आहे, सगळी वाफ तिथून फुसफुसत जाते. रिंग नवी टाकली, तरी तेच. झाकणच खराब आलंय बहुतेक. एम-सील लावून खाच बंद करतो. उष्णतेत टिकेल का, की दुसरं काही लावू? संध्याकाळी पाहुणे आहेत, लवकर सांगा.

पाना_पकड
एम-सील बाजूला ठेवा आधी. ती खाच कारखान्यात मुद्दाम कापलेली असते. कुकरला वाफ सोडायच्या तीन वाटा असतात. पहिली शिट्टीची नळी. ती तुंबली किंवा आतलं पाणी संपलं तर दुसरी वाट, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह; त्यातला मिश्रधातू तापून वितळतो. तोही अडला तर रिंग त्या खाचेतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ कडेने खाली निघून जाते. म्हणजे झाकण उडण्याऐवजी रिंग फुगते. ती वाट बुजवलीत तर उरलं काय?
आता सांगा: झाकण बाहेरून बसतं ना? किती लिटरचा? आत काय शिजवता? रिंग त्याच कंपनीची आहे का? वाफ फक्त खाचेतून येते की कडेने सगळीकडून?

आजीचा_बटवा
एवढं घाबरवू नका हो त्यांना. रिंगेला कणकेची वळी लावा, वाफ बंद. किंवा रिंग अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, घट्ट बसते.

पाना_पकड
फ्रीजर म्हणजे जुन्या, सैल पडलेल्या रिंगेला एक दिवसाची मलमपट्टी. यांची रिंग नवी आहे. आणि कणीक खाचेत गेली तर तीही एम-सीलचंच काम करणार.

घाईगडबड
झाकण बाहेरून बसतं, 5 लिटर. वाफ खाचेतूनच येते. शिट्टी जागची हलत नाही.

तिरकस
आतल्या झाकणाचा घ्या, विषय संपवा. आतला दाबच झाकण कडेला घट्ट दाबून धरतो, आणि दाब असेपर्यंत ते निघतच नाही. बाहेरच्या झाकणात सगळा भार कडेच्या खाचांवर आणि हँडलवर.

खटपट्या
@तिरकस, त्यांनी कुठला घेऊ असं विचारलेलंच नाही. शिवाय आतल्या झाकणाची नळी तुंबत नाही का? तूरडाळ दोन्हीकडे सारखीच फेसाळते.

तिरकस
तुंबते. पण झाकण उडत नाही, एवढंच म्हणतोय.

दिनू_मेकॅनिक
खाच राहू दे तशीच. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडत असेल तर तिथे 8 चा नट-बोल्ट आणि वॉशर मारा, परत त्रास नाही.

पाना_पकड
कृपया हे कोणी करू नका. 5 लिटरच्या झाकणाचा व्यास साधारण 20 सेंमी धरा, क्षेत्रफळ झालं 314 चौ. सेंमी. कुकरचा नेहमीचा दाब चौ. सेंमीला 1 किलोच्या आसपास, म्हणजे झाकणाखाली 300 किलोच्या वर जोर आहे. हे सगळं सुरळीत चालू असताना. व्हॉल्व्ह उडाला याचा अर्थ नळी बंद आहे किंवा पाणी संपलंय. दुरुस्ती तिथे करायची. व्हॉल्व्ह उडाला की त्याच कंपनीचा नवा बसवायचा, झाळ मारून जुना वापरायचा नाही.

शंकासुर
हा धागा बघून आठवलं, कुलपाच्या बुडाला किल्लीच्या शेजारी छोटं भोक असतं ते पाणी निथळायला, आणि तिथूनच तेलही सोडता येतं. आणि तीन पिनांच्या प्लगची वरची पिन लांब असते, कारण आधी अर्थिंग जोडलं जावं आणि शेवटी सुटावं. 1679 साली डेनिस पॅपँने लंडनच्या रॉयल सोसायटीला वाफेचं भांडं दाखवलं, सेफ्टी व्हॉल्व्हची सुरुवात तिथलीच.

माजघर
छान. पण पाहुणे संध्याकाळी येणार आहेत.
@घाईगडबड, शिट्टी हलत नाही आणि फक्त खाचेतून वाफ, याचे बहुधा दोन अर्थ: नळी तुंबलीय, किंवा शिट्टी जास्त जड आहे. वाफ सगळीकडून आली असती तर रिंग म्हटलं असतं. ही चाचणी करा:
कुकर रिकामा, आत दोन वाट्या पाणी. झाकण लावा, शिट्टी ठेवू नका. गॅस मोठा. चार-पाच मिनिटांत नळीतून सरळ, जोराची धार यायला हवी. बारीक किंवा वाकडी आली तर गॅस बंद, गार करा, झाकण काढून नळी उजेडाकडे धरा. आरपार दिसायला हवं. नाही दिसलं तर बारीक तारेने खालच्या बाजूने टोचा. डाळीची सालं आणि जिरं अडकतं तिथेच.
आणि शिट्टी नेहमी धार सुरू झाल्यावरच ठेवायची. आतली हवा निघून जाते, आणि नळी मोकळी आहे हेही त्यात कळतं.

घाईगडबड
धार बारीक होती. काळं काहीतरी निघालं. आता जोरात येते, पण शिट्टी ठेवली की पुन्हा खाचेतून फुसफुस. रिंग नाक्यावरच्या दुकानातून आणली, 5 लिटरची म्हणून दिली. शिट्टी जुन्या कुकरची आहे, मूळची सापडत नाही. त्याने काय फरक पडतो?

खटपट्या
हे पहिल्या पोस्टीत लिहिलं असतं तर दुपार वाचली असती.

पाना_पकड
फरक तिथेच आहे. शिट्टी म्हणजे वजन. नळीचं भोक 3 मिमी असेल तर क्षेत्रफळ 0.07 चौ. सेंमी, म्हणजे 1 किलो दाब तोलायला साधारण 70 ग्रॅम लागतात. भोक 3.5 मिमी असेल तर 96. मोठ्या भोकाची 96 ग्रॅमची शिट्टी 3 मिमीच्या नळीवर ठेवली तर ती 1.36 किलोला उठणार. त्यात रिंग पातळ किंवा मऊ असेल तर ती आधीच खाचेतून डोकावते. रिंग काढून खाचेसमोरचा भाग बघा, तिथे फुगवटा किंवा चीर असेल तर ती टाकून द्या. शिट्टी आणि रिंग दोन्ही मॉडेलचं नाव सांगून घ्या, नुसतं "5 लिटर" सांगून नाही.

आजीचा_बटवा
म्हणजे एकच शिट्टी सगळ्या कुकरना लावायची नाही?

पाना_पकड
नाही. भोक आणि वजन दोन्ही जुळलं तरच.

घाईगडबड
आज रविवार, दुकान बंद. आजपुरती हीच चालवू का? मंद गॅसवर?

माजघर
नको. शिट्टी काढा, झाकण बंद न करता नुसतं वर ठेवा आणि कुकर पातेल्यासारखा वापरा. तूरडाळ आत्ताच कोमट पाण्यात भिजत घाला, तासाभराने तीन-साडेतीन पट पाण्यात शिजवा. 40 ते 45 मिनिटं लागतील, मध्ये पाणी बघा. मीठ आणि चिंच डाळ शिजल्यावर. भात बाजूला पातेल्यात.
नवे भाग आले की: डाळ, तांदूळ, कडधान्य पाण्यासकट अर्ध्या कुकरपर्यंत, बाकी पदार्थ दोन तृतीयांशपर्यंत. डाळीत चमचाभर तेल, फेस कमी येतो. डबे लावत असाल तर डाळीचा डबा अर्धाच भरा आणि त्यावर ताटली ठेवा.

शंकासुर
तळाची भोकांची जाळी डबे बुडाला टेकून करपू नयेत म्हणून असते. पाण्यात लिंबाची फोड टाका, अ‍ॅल्युमिनियम काळं पडत नाही.

नवखी_सुगरण
धागा हायजॅक करतेय, पण माझा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. रिंग बदलू का?

खटपट्या
कसला आहे ते सांगा. तळाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर साधं अ‍ॅल्युमिनियम किंवा चुंबक न धरणारं स्टील आहे, इंडक्शनवर चालणार नाही. रिंगचा काही संबंध नाही.