विषय: महिन्याचं इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांना काय सांगावं?

प्रेषक: समिती (एका सदस्येच्या विनंतीवरून, नाव न देता)

नमस्कार मंडळी,
माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आजार पुण्यात असताना सुरू झाला, पहिले उपचारही तिथलेच. आता तो आमच्याकडे न्यू जर्सीत असतो. गोळ्या चुकतात म्हणून इथल्या सायकायट्रिस्टनी महिन्यातून एकदा घ्यायचं पॅलिपेरिडोनचं इंजेक्शन सुचवलंय. त्यालाही ते हवंय, रोज कुणी गोळीची आठवण केलेली त्याला आवडत नाही. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे. फॉर्मवर 'सध्याची औषधं' आणि 'ॲलर्जी' एवढंच विचारलंय. आणखी काय सांगायला हवं?

प्रेषक: एक सदस्या, निवृत्त फार्मासिस्ट

ताई,
भावाला स्वतःला इंजेक्शन हवंय, हे वाचून बरं वाटलं. गोळी सोसली नाही तर दुसऱ्या दिवशी बंद करता येते. इंजेक्शनचं औषध स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरतं, ते परत काढून घेता येत नाही. पॅलिपेरिडोनच्या मासिक इंजेक्शनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच २५ ते ४९ दिवस लागतात. म्हणून आधी पॅलिपेरिडोनची किंवा त्याच्याच जवळच्या रिस्पेरिडोनची गोळी सोसते का, ते पाहतात.

पुण्यात त्याला नेमकी कोणती गोळी होती, हे पाकीट बघून सांगा. भारतात रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत मिळतं, ब्रँडच्या नावात बऱ्याचदा 'प्लस' असतं. ट्रायहेक्सिफेनिडिल कंप आणि ताठरपणा आवरतं. घरचे सांगतात, "रिस्पेरिडोन छान सोसलं होतं," आणि ते सोसायला मदत करणारं दुसरं औषध डॉक्टरांच्या कानावरच जात नाही.

दुसरं, बॅगेतून आलेली औषधं. पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असलेल्या ॲसिडिटीच्या कॅप्सूल आपल्या किती घरांत असतात! लेव्होसल्पिराइड मेंदूतलं डोपामाइन अडवतं. पॅलिपेरिडोनसारखी अँटिसायकोटिक औषधंही तेच करतात. दोन्ही एकत्र आली की कंप, ताठरपणा आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढण्याची शक्यता वाढते. डॉम्पेरिडोनने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि पॅलिपेरिडोनही ईसीजीतलं क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) थोडं वाढवतं, म्हणून दोन्ही एकत्र नकोत. चक्करेवरची सिनारिझिन आणि मायग्रेनवरची फ्लुनारिझिन यांनीही कंप येऊ शकतो. डॉम्पेरिडोन, लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन यांतलं काहीच इथल्या दुकानात मिळत नाही, त्यामुळे डॉक्टर आपणहून विचारतील असं धरू नका. आयुर्वेदिक गोळ्याही सांगा, विशेषतः झोपेच्या आणि बीपीच्या. त्यांत सर्पगंधा असू शकते. तिच्यातलं रेसर्पिन १९५२ मध्ये वेगळं काढलं गेलं आणि त्या दशकात स्किझोफ्रेनियासाठीच वापरलं गेलं, तेव्हा तिला साधा झाडपाला समजू नका.

पूर्वी ॲडमिट असताना एखाद्या सुईनंतर मान वाकडी झाली होती का, डोळे वर गेले होते का, एका जागी बसवतच नव्हतं का? तीव्र ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ झालं होतं का? ही शेवटची गोष्ट तर सगळ्यात आधी सांगा. डिस्चार्ज कार्ड मिळालं तर उत्तम.

किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो, कधी हे इंजेक्शन टाळतातही. आईवडिलांना मधुमेह असेल तर सांगा आणि पहिल्या इंजेक्शनआधीच वजन, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल नोंदवून घ्या. घरात कुणी लहान वयात अचानक हृदय बंद पडून गेलं असेल, भावाला फिट येत असतील, फिटवरचं कार्बामाझेपिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर तेही. तीळ खाऊन अंगावर पित्त उठत असेल तर फॉर्मवर लिहाच. हे इंजेक्शन तेलातलं नाही, पण पुढेमागे हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट हे दुसरं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर ते तिळाच्या तेलात असतं.

प्रेषक: एक सदस्य

मी स्वतः हेच इंजेक्शन घेतो. ताई, कृपया भावाला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या. दारू, गांजा, लैंगिक अडचणी यांबद्दल मोठ्या बहिणीसमोर कोण बोलेल? प्रोलॅक्टिन वाढलं की इच्छा कमी होते. ही तक्रार आधीपासून होती की इंजेक्शननंतर सुरू झाली, हे डॉक्टरांना कळायला हवं.

भारतात जाणार असाल तर तारखाही आधीच सांगा. सुरुवातीचे दोन डोस आठवड्याच्या अंतराने असतात, ते प्रवासात अडकवू नका. पुढे महिन्याचा डोस ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी किंवा नंतर चालतो. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे जायचं असेल तर तेही बोला, कारण या औषधांनी शरीराला उष्णता सोसणं अवघड जातं.

प्रेषक: समिती (मूळ सदस्येतर्फे)

सगळ्यांचे मनापासून आभार. आईने व्हॉट्सॲपवर पाकिटांचे फोटो पाठवले. गोळी 'प्लस'वालीच होती. आणि भाऊ अजूनही घेतो त्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड ७५ मिग्रॅ आहे. ती आजच बंद करू का?

प्रेषक: निवृत्त फार्मासिस्ट

ताई, अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आत्ताच डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करा, पेशंट पोर्टलवर दोन्ही फोटो टाका आणि बंद कधी व कशी करायची ते त्यांनाच विचारा. ॲसिडिटीवर दुसरं काय देता येईल, तेही ते सांगतील. आणि फोनवर एवढं नक्की म्हणा: "पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांनी हे फोटो बघायला हवेत."